अकराला तीन

जळगावच्या एका शाळेत मी चोवीस वर्षं गणित शिकवतो, आणि गुणोत्तराचा धडा आला की माझं डोकं फिरतं. पोरं दोन किलोला पन्नास ग्रॅमनं सरळ भागून मोकळी होतात. मग मी फळ्यावर खडू आपटतो, ओरडतो, आणि पुन्हा लिहितो : आधी एकक सारखं करा, मग संक्षेप द्या, आणि लक्षात ठेवा, गुणोत्तराला एकक नसते. हे शेवटचं वाक्य रिकाम्या जागा भरामध्ये एका गुणाला येतं. मी ते हजार वेळा तरी लिहिलं असेल. ते मला कळलं मात्र गेल्या चैत्रात, माझ्या काकूच्या ओट्यावर, तेही चांगली फजिती झाल्यावर.

माझं गाव धरणगावच्या जवळच, सहा-सात किलोमीटरवर. हनुमान जयंतीला गावात भंडारा असतो आणि जेवण ठरलेलं : वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. बट्टी म्हणजे गहू आणि मका एकत्र रवाळ दळायचा, त्यात तेलाचं मोहन, ओवा, हळद घालून घट्ट पीठ भिजवायचं, गोळे वाफवून, कापून तेलात सोडायचे. सांगायला इतकं सोपं. पण मका जास्त झाला तर बट्टी तेलात फुटते, आणि कमी झाला तर दातांची परीक्षा घेते. चाळीस वर्षं हे माप माझी मोठी काकू भिकुबाई बघत आली. सगळं गाव तिला अक्का म्हणतं, मीही तेच म्हणतो.

यंदा अक्का अंगणात घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. भंडाऱ्याला बारा दिवस होते. कमिटीचे अध्यक्ष प्रेमराज नाना तिला भेटायला आले, आणि योगायोगानं त्या दिवशी मीही गावी होतो.

"अक्का, हात तर पलस्तरमा शे," नाना म्हणाले. "पीठ कोन भिजाडी? यंदा जळगावना केटररले सांगी देऊत. तो बठ्ठं करी दी."

"पीठ बाया भिजाडतीन. मी खुर्चीवर बशीसन सांगसू," अक्का म्हणाली.

"सांगशी, पन आम्हले कागदवर पायजे. कितला किलो गहू, कितला किलो मका. दीड हजार मानूस शे. अंदाजवर नही चालत."

"एक तपेली गहू, एक गंज मका. किलो माले नही माहीत, प्रेमराज."

नाना माझ्याकडे बघायला लागले. अक्काही बघायला लागली. तिच्या नजरेत काय होतं ते मला स्पष्ट दिसलं. चाळीस वर्षांचा मान एका कागदावर अडला होता आणि तो कागद लिहिणारा माणूस घरातच बसला होता. मी बाह्या सरसावल्या. म्हटलं, "नाना, काळजी सोडा. अर्ध्या तासात काढून देतो."

तपेली पितळेची, तोंडानं चांगली रुंद. गंज छोटा, उभट. दोन्ही तिच्या सासूकडून आलेले, कुठेही खूण नाही की आकडा नाही. मी अक्काच्या सुनेकडून, सारिकावहिनीकडून, एक लिटरचं मापाचं भांडं मागून घेतलं आणि दोन्ही भांडी पाण्यानं मोजली. तपेलीत साडेचार लिटर मावलं, गंजात दीड. पंचेचाळीसला पंधरा. पंधरानं संक्षेप दिला की तीनला एक. इतकं स्वच्छ उत्तर आलं की मी खूष होऊन गेलो. सुटसुटीत उत्तर आलं म्हणजे गणित बरोबर, ही आम्हा मास्तरांची जुनी अंधश्रद्धा आहे. कागदावर लिहिलं : तीन किलो गव्हाला एक किलो मका. खाली सहीसुद्धा ठोकली.

रविवारी कमिटीसमोर नमुन्याच्या बट्ट्या करायचं ठरलं. गावच्या गिरणीवाल्या कुंदननं माझ्या कागदाप्रमाणे धान्य दळून आणलं. बायांनी पीठ भिजवलं. अक्का खुर्चीवर बसली होती. तिनं डाव्या हाताच्या दोन बोटांनी पीठ दाबून पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"हाई पीठ माले नाराज दिसस, भाऊ."

"हिशोब बरोबर शे, अक्का," मी म्हणालो. चाळीस वर्षांच्या हाताला मी लिटरच्या भांड्याच्या जोरावर गप्प बसवलं, आणि ती बिचारी गप्प बसलीसुद्धा.

पहिला घाणा कढईत गेला आणि बट्ट्या फुटल्या. एक-दोन नाही, सगळ्या. तेलावर पिवळा भुगा तरंगायला लागला. दुसरा घाणा तसाच. प्रेमराज नाना तसे सज्जन माणूस. ते फक्त उठले आणि अक्काला म्हणाले, "ऱ्हाऊ दे, अक्का. वय व्हयनं. यंदा तू आराम कर."

माझ्या कागदावर कोणाला शंकाच आली नाही. मास्तर चुकेल कसा? चुकली ती म्हातारी. सगळे गेल्यावर मी तिच्याजवळ गेलो, तर ती प्लास्टरच्या हाताकडे बघत बसली होती.

"मनं माप गयं, भाऊ," ती म्हणाली. "हात गया, तसं डोकं बी गयं. केटररले सांगी द्या."

अक्काला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही ती रडली नाही, पण रडली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या रात्री मी जळगावला परत गेलो नाही.

सकाळी चहा झाल्याबरोबर मी तपेली, गंज आणि गव्हाचं पोतं ओट्यावर मांडलं. मला माझा हिशोब पुन्हा तपासायचा होता, आणि खरं सांगायचं तर मनातून तो चुकावा असंच वाटत होतं. सारिकावहिनीला म्हटलं, "वहिनी, अक्कासाठी तुम्ही नेहमी भरता तशी तपेली भरा बरं."

वहिनीनं पोत्यातून गहू ओतायला सुरुवात केली. तपेली काठापर्यंत भरली. मी "बस" म्हणणार, तर ती ओततच राहिली. काठावर गव्हाचा ढीग चढला, निमुळता झाला, टोकावरून दाणे घसरायला लागले, तेव्हा ती थांबली. मग गंज भरला आणि त्याच्यावरून मात्र तळहात फिरवून जास्तीचं धान्य खाली पाडलं.

"हाई काय?" मी विचारलं.

"काय म्हनजे? तपेली," अक्का म्हणाली. तिला माझा प्रश्नच समजला नव्हता. "गहू घरना धनी शे, त्याले शीग पायजे. मका पाव्हना. तो त्याना मापमा बसस."

मी कपाळावर हात मारला. चाळीस वर्षं हिच्या घरी भरलेली तपेली म्हणजे शीग लावलेली तपेली. ते सांगायचं असतं हे तिच्या गावीही नव्हतं. मीठ खारट असतं हे कोणी सांगतं का? आणि मी शहाणा तपेली मोजायला बसलो पाण्यानं. सगळं तिला सांगून टाकलं. चूक माझी होती, तिची नाही, हे तीनदा सांगितलं. तिनं आधी डोळे बारीक केले, मग तोंडाला पदर लावला आणि अशी हसली की तिचं प्लास्टर गदगदलं.

"पानीले शीग येस का रे, मास्तर?"

मी म्हणालो की आता गिरणीतून काटा आणतो आणि शिगेसकट वजन करतो. तिनं डावा हात वर केला. "तुना काटा तुनाजोडे ठेव. तुना लिटरनीच मनी इज्जत घालाडी. आते मी सांगस तसं कर."

मग तिनं जे करायला लावलं ते मी शब्दाशब्दाला सांगतो, कारण त्यातली एकही पायरी मला विसरायची नाही.

शिगेसकट तपेली तिनं फडक्यावर पालथी करायला लावली. त्या ढिगातून गंज भरून गहू काढायला सांगितले. एक गंज, दुसरा गंज, तिसरा गंज. चौथा भरेना, थोडे गहू उरले. उरलेले गहू तिनं स्टीलच्या एका डब्यात ओतायला लावले आणि ते आले तिथे डब्याला आतून हळदीच्या बोटानं रेघ ओढली, मग डबा रिकामा करवला.

"आते गंज भर. चापट."

गंज काठोकाठ भरला. त्यातून त्या डब्याच्या रेघेपर्यंत ओतायला सांगितलं. एकदा ओतलं, रेघ गाठली, आणि गंजात काही उरलं. ते उरलेलं तिनं एका पोचा पडलेल्या तांब्यात ओतवलं. तांब्या बरोबर काठापर्यंत भरला. नसता भरला तर त्यालाही तिनं रेघ ओढली असती. मग म्हणाली, आता डब्यातले गहू या तांब्यानं मोज. एक तांब्या. दोन तांबे. डब्याच्या तळाशी दहा-पंधरा दाणे राहिले. ते तिनं चिमण्यांकडे फेकले. "ते देवना."

हे सांगताना ती जे म्हणत होती ते मी माझ्या भाषेत लिहितो. मोठं माप लहान मापानं मोजायचं. जे उरेल त्यानं लहान माप मोजायचं. पुन्हा उरेल, त्यानं आधीचं उरलेलं मोजायचं. काहीच उरलं नाही की थांबायचं. आणि शेवटचं वाक्य तिच्याच तोंडचं : "जठे काहीच उरत नही, तठे दोन्ही घरना जमस."

"कोनता दोन्ही घर?" मी विचारलं.

तेव्हा तिनं सांगितलं. ती नवी नवरी होऊन आली तेव्हा आळीतल्या प्रत्येक घराचं माप वेगळं होतं. कोणाकडे तांब्याचं, कोणाकडे लाकडाचं, कोणाकडे नुसता भोपळा. धान्य उसनं नेलं एका मापानं आणि परत आलं दुसऱ्या मापानं, की बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. मग तिच्या सासूला बोलावणं यायचं. सासू दोन्ही घरांची मापं समोर ठेवायची आणि असं उरलंसुरलं मोजत मोजत दोघींच्या मापात बसेल असं एक लहान माप शोधून काढायची. तुझी पाच म्हणजे तिची सात, जा घरी. याला आळीत म्हणायचे माप जुळवणं. सासूला अक्षर येत नव्हतं. अक्कालाही येत नाही.

मी ओट्यावर खाली बसलो. सहावीच्या पोरांना मी मसावि शिकवतो, भागाकाराच्या पद्धतीनं. मोठ्या संख्येला लहान संख्येनं भागा, बाकीनं भाजकाला भागा, पुन्हा बाकीनं भागा, बाकी शून्य आली की थांबा. का असं करायचं, हे चोवीस वर्षांत एकाही पोरानं विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी त्याला दटावून खाली बसवलं असतं, कारण मलाही ते फक्त पाठ होतं. इथे ते माझ्यासमोर ओतून दाखवलं गेलं होतं. तो पोचा पडलेला तांब्या मसावि होता. मसावि मी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला.

डब्यात दोन तांबे. गंजात डबा आणि एक तांब्या, म्हणजे तीन. तपेलीत तीन गंज आणि वर डबा, म्हणजे नऊ आणि दोन, अकरा. अक्का बोटांच्या पेरांवर मोजत होती आणि मी मनात. दोघं एकदमच पोचलो.

"अकराले तीन," ती म्हणाली.

माझं ते सुंदर तीनला एक नव्हतंच. अकराला तीन. याला आणखी संक्षेप देता येत नाही. दिसायला अगदी ओबडधोबड, पण खरं.

"पण अक्का, तांब्या कितला लिटरना शे ते मोजी लिऊत," मी म्हणालो. सवय जात नाही.

"काब्र? तांब्या नही पायजे, लिटर बी नही पायजे. कोनतं बी भांडं आन. अकरा गहूना, तीन मकाना. भांडं तेच ठेव, मंग बस."

एकक नसते. मी अक्षरशः पुटपुटलो. एका गुणाचं वाक्य माझ्या अंगावर काटा आणून गेलं.

दुपारी वहिनीनं कानतुटक्या चहाच्या कपानं अकरा कप गहू आणि तीन कप मका मोजून कुंदनकडून दळून आणला. संध्याकाळी प्रेमराज नानांना बोलावून घेतलं. बट्ट्या तेलात पडल्या, हलल्या, सोनेरी झाल्या. एकही फुटली नाही. नानांनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि मग त्यांना अध्यक्षपद आठवलं.

"हाई कपवर व्हयनं. दीड हजार मानूसनं काय?"

"कपनी जागावर बादली ठेव, नाना," अक्का म्हणाली. नाना बोटांवर अकरा आणि तीन मोजत बसले. केटररला फोन मात्र त्यांनी आमच्यासमोरच केला, नको म्हणून.

भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मारुतीच्या देवळापुढे मोठी ताडपत्री अंथरली होती. एकीकडे गव्हाची पोती, दुसरीकडे मक्याची. एका बादलीनं मोजायचं तर दुपार झाली असती, आणि धान्य तर लगेच गिरणीत जायला हवं होतं. अक्कानं आदल्या संध्याकाळीच घरोघर निरोप धाडला होता की ज्या बाईला सवड आहे तिनं आपलं भांडं घेऊन यावं. तीसेक बाया आल्या. प्रेमराज नानांनी त्यांच्या हातातली भांडी पाहिली आणि त्यांना घाम फुटला.

"अक्का, प्रत्येकनं माप वेगळं शे! बठ्ठा इस्कोट व्हई!"

"व्हऊ दे," अक्का म्हणाली आणि बायांना एकच नियम सांगितला. शीग लावायची तर दोन्हीला लावा, चापट भरायचं तर दोन्ही चापट भरा. अकरा आणि तीन. संपलं की पुन्हा अकरा आणि तीन.

मी ताडपत्रीच्या कडेनं फिरायला लागलो. शेजारच्या कुंदाबाईकडे दुधाची किटली होती. वहिनीकडे बादली. एकीनं प्रेशर कुकर आणला होता, एकीनं रंगाचा धुतलेला डबा, एका कॉलेजातल्या मुलीनं प्लास्टिकचा मग. मंदाबाई नावाच्या म्हाताऱ्या आजी रिकाम्या हातानं आल्या होत्या. त्या मांडी घालून बसल्या आणि ओंजळीनं मोजायला लागल्या. अकरा ओंजळी गहू. तीन ओंजळी मका. ओठ हलत होते. त्यांच्या शेजारी वहिनीची बादली धपाधप रिकामी होत होती, आणि दोघींचं धान्य एकाच ढिगात पडत होतं. पडताक्षणी कोणतं बादलीचं आणि कोणतं ओंजळीचं, हे देवालाही सांगता आलं नसतं.

नववीच्या पुस्तकात एक सिद्धांत आहे, समान गुणोत्तरांचा. गुणोत्तरं समान असतील तर वरच्यांची बेरीज आणि खालच्यांची बेरीज यांचंही गुणोत्तर तेच येतं. मी तो क, ख, ग घालून सिद्ध करून दाखवतो, आणि शेवटच्या बाकावरची पोरं झोपतात. आज तो माझ्यासमोर ढिगानं वाढत होता. तीस हात, तीस मापं, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही, आणि तरी सगळ्यांचं मिळून तेच. मी ढिगात हात घातला, या बाजूनं, त्या बाजूनं. माझे डोळे भरून आले आणि ते मी लपवले नाहीत. इतकी वर्षं मी ज्याला आकडेमोड म्हणत होतो ते इतकं मोठं होतं, आणि ओंजळीतही मावत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली पंगत बसली. चाळीस वर्षांत अक्का पहिल्या पंगतीला कधी बसली नव्हती. ती कढईपाशी उभी असायची आणि सगळं गाव जेवून उठल्यावर, चार वाजता, उरलेली बट्टी उभ्याउभ्या खायची. यंदा पीठ तिनं भिजवलं नाही, गोळे केले नाहीत, घाणा काढला नाही. करायला काहीच नव्हतं म्हणून ती अवघडून देवळाच्या पायरीवर बसली होती. वहिनीनं तिला हात धरून पंगतीत आणून बसवलं.

मी वाढायला होतो. तिच्या पानात बट्टी ठेवली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये म्हणून मीच खाली बसून कुस्करली. आतून भुसभुशीत, वरून खुसखुशीत. वर वरण ओतलं, तूप सोडलं, चमचा तिच्या डाव्या हातात दिला. तिनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटून बराच वेळ चावला. आजूबाजूच्या बायांचे हात थांबले होते.

"कोनी बनाडी?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

"बठ्ठास्नी, अक्का. आख्खा गावनी," मी म्हणालो.

तिनं डोळे उघडले आणि समोरच्या रांगेकडे पाहिलं, मग शेवटच्या पानापर्यंत पाहिलं. मी तिच्या चेहऱ्यावर इतकी निवांत खुशी आधी कधी पाहिली नव्हती.

"मंग मी मरी गऊ तरी चाली," ती म्हणाली, आणि पान माझ्याकडे सरकवलं. "वाढ आखो एक."